यावा, जावा

जुनी जावा मोटरसायकल सुरू करायला पहिल्यांदा तरी दुसरा माणूस लागतो. नवखा माणूस किक शोधत गाडीभोवती फेरी मारतो आणि त्याला ती सापडत नाही, कारण गिअरचा दांडाच किकचा दांडा असतो. डावीकडचा तो दांडा आत दाबायचा, फिरवून उभा करायचा, मग किक मारायची. इंजिन लागलं की तोच दांडा खाली येऊन गिअर टाकायला तयार! शिवाय गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो. हे ऐकून समजत नाही. कुणीतरी शेजारी उभं राहून दाखवावं लागतं.

जावा-येझदीवाल्यांच्या दोस्तीची सुरुवात मला या दांड्यापाशी दिसते.

1929 साली प्रागमध्ये यानेचेक नावाच्या कारखानदाराने वाँडरर या जर्मन कंपनीच्या मोटरसायकलचा परवाना घेतला आणि दोन्ही नावांची आद्याक्षरं जोडली. चेक उच्चार ‘यावा’, आपला ‘जावा’. मराठी कानाला येणं आणि जाणं दोन्ही एकाच गाडीत मिळालं. रुस्तम आणि फारोख इराणी यांनी म्हैसूरला कारखाना काढला आणि 1961पासून ही गाडी तिथे तयार होऊ लागली. सत्तरच्या दशकात तिचं नाव येझदी झालं. ते इराणमधल्या यझ्द या जुन्या झरथुष्ट्री गावाच्या आठवणीतून आलेलं. 1978मध्ये रोडकिंग आली. एकच सिलिंडर, पण सायलेन्सर दोन. टू-स्ट्रोक इंजिन, त्यामुळे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं. कमी पडलं तर पिस्टन जाम, जास्त झालं तर प्लगवर काजळी आणि मागे धुराचा लोट.

अशा गाडीवर लांबचा प्रवास म्हणजे खिशात प्लगपाना आणि वाटेत थांबायची तयारी. घाटात येझदी बंद पडली की मागून येणारा येझदीवाला न विचारता थांबे. प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, पॉइंटमधली फट बघायची, नाहीच जमलं तर धक्कास्टार्ट. नाव-गाव नंतर, आधी ‘स्पार्क येतोय का?’

1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली. तिची जाहिरात सांगायची, ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’. येझदीची जाहिरात होती ‘फॉरएव्हर बाइक, फॉरएव्हर व्हॅल्यू’. विसरून जाण्याजोगी गाडी बाजारात जिंकली. टू-स्ट्रोकचा धूर आणि पेट्रोलचा खर्च लोकांना परवडेना. 1996मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद झाला.

गंमत अशी, की खरी दोस्ती त्यानंतरच जमली. कंपनी गेली, सुटे भाग मिळेनात, मग ज्याच्याकडे दोन कार्ब्युरेटर त्याची ओळख काढणं आलं. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात भंगाराच्या ढिगातून टाकीचं झाकण निवडणारी माणसं एकमेकांना हातावरच्या ग्रीसवरून ओळखू लागली. त्यात बँकेतला माणूस असे, उसाचा शेतकरी असे आणि दोघांच्याही वर मिस्त्री असे. कारखाना नसलेल्या गाडीची विद्यापीठं म्हणजे अशी गॅरेजं. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिन साजरा होतो, तेव्हा या ओळखी एका रांगेत उभ्या राहतात.

छंदातली मैत्री आवडीवर उभी असते असं आपण मानतो. मला वाटतं, ती अडचणीवर उभी असते. आवड एकट्यालाही पुरते. अडलेला नटबोल्ट मात्र दुसऱ्याचा हात मागतो.

2018मध्ये महिंद्रा समूहाच्या क्लासिक लेजंड्सने जावा परत आणली, 2022मध्ये येझदी. इंजिन फोर-स्ट्रोक, ऑइल मिसळायची भानगड नाही, बटण दाबलं की गाडी सुरू. बरंच झालं, घाटात रात्र काढायची हौस कुणाला असते? पण जुलैच्या रविवारी नव्या जावावरून आलेला मुलगा रेंगाळतो तो जुनीपाशीच. किक शोधत एक फेरी मारतो. कुणीतरी हातातला चहा खाली ठेवतं आणि म्हणतं, “ये इकडे, आधी दांडा आत दाब.”