रांग लागण्यापूर्वीचा एक तास

फ्लोरिडा राज्यातील ऑरलँडो शहराजवळचे ‘मॅजिक किंगडम’ हे थीम पार्क बहुतेक दिवशी सकाळी नऊ वाजता सर्वांसाठी खुले होते. मात्र साडेसातपासूनच तेथील प्रवेशद्वारासमोर कुटुंबेच्या कुटुंबे जमू लागतात. कोणाच्या बाबागाडीत अर्धवट झोपेतले मूल असते, कोणी पावाचा तुकडा चघळत उभे असते, तर कोणी हातातील नकाशावर बोट फिरवत असते. ही मंडळी उगाच उतावीळ झालेली नसतात. पुढचा एक तास आपल्या संपूर्ण दिवसाचे स्वरूप ठरवणार आहे, हे त्यांना ठाऊक असते.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झालेले मॅजिक किंगडम हे जगातील सर्वाधिक गर्दीच्या थीम पार्कांपैकी एक गणले जाते. या क्षेत्राच्या वार्षिक पाहणीतील अंदाजानुसार २०२३ साली तेथे सुमारे १ कोटी ७७ लाख प्रवेश नोंदले गेले. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाकडे वा मुलीकडे गेलेले महाराष्ट्रातील अनेक आई-वडील नातवंडांसमवेत येथे येतात. तिकिटाचा खर्च मोठा, दिवस एकच आणि बरोबर चार वर्षांचे नातवंड व गुडघेदुखीची आजी. अशा कुटुंबाने दिवसातील पाच तास रांगेत काढले, तर सहलीची आठवण म्हणून केवळ थकवाच उरतो. म्हणूनच पहाटे निघण्याच्या या पद्धतीमागचा विचार समजून घेणे आवश्यक ठरते.

गर्दी वाढते, रांग साचते

रांगेचेही एक शास्त्र आहे. डेन्मार्कचे आग्नर एर्लांग यांनी १९०९ साली दूरध्वनी केंद्रावर येणाऱ्या कॉलचा अभ्यास करताना त्याचा पाया घातला. पुढे १९६१ साली अमेरिकी अभ्यासक जॉन लिटल यांनी रांगेतील माणसांची संख्या, ती येण्याचा वेग आणि प्रतीक्षेचा काळ यांचे नाते सिद्ध केले. त्यातील गणित अवघड असले तरी सार सोपे आहे. रांगेत किती वेळ जाणार हे उद्यानात किती माणसे आहेत यावर थेट ठरत नाही. आपल्या पुढे किती माणसे आहेत आणि ती राइड तासाला किती माणसांना सामावून घेते, यावर ते ठरते.

एक उदाहरण पाहू. समजा, एखादी राइड तासाला बाराशे माणसांना फिरवून आणते. सकाळी नऊ ते दहा या वेळात तेथे नऊशे माणसे आली, तर रांग जवळपास लागतच नाही. दहा ते अकरा या वेळात अठराशे आली, तर त्यांतील सहाशे मागे उरतात. अकरा वाजता येणाऱ्याला अर्धा तास थांबावे लागते. पुढच्या तासातही तेवढीच माणसे आली, की मागे बाराशे उरतात आणि प्रतीक्षा एका तासावर जाते. आता दुपारी येणाऱ्यांचा ओघ कमी होऊन तासाला बाराशेवर आला, तरी रांग ओसरत नाही. जेवढे पुढून जातात तेवढेच मागून येतात आणि एक तासाची प्रतीक्षा तशीच टिकून राहते. सकाळी साचलेली रांग दिवसभर पुरते, ती अशी.

काकड आरतीला देवळात पोचणाऱ्यास सुखाने दर्शन घडते आणि न्याहारी उरकून निघणाऱ्यास दर्शनबारीचे शेपूट तेवढे दिसते, हा महाराष्ट्रातील भाविकांचा अनुभव याच नियमाचा आहे. साडेआठला येणारा आणि साडेदहाला येणारा यांच्या घड्याळात फरक दोनच तासांचा असतो. दिवसभरातील रांगांची बेरीज केली, तर तो फरक त्याहून मोठा निघू शकतो.

दोरीपलीकडची शर्यत

उद्यान उघडेपर्यंत पर्यटकांना एका दोरीमागे थांबवून ठेवायचे आणि वेळ होताच ती दोरी खाली घ्यायची, या प्रथेवरून सकाळच्या या प्रवेशाला ‘रोप ड्रॉप’ हे नाव पडले. आज प्रत्येक ठिकाणी दोरी असतेच असे नाही. अनेकदा कर्मचारीच ओळीने उभे राहतात आणि नंतर गर्दीच्या पुढे संथपणे चालत तिला आत नेतात. धावण्यास मनाई असते आणि ते योग्यच आहे.

मॅजिक किंगडममध्ये या व्यवस्थेला आणखी एक पदर आहे. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांत तसेच ठरावीक अन्य हॉटेलांत उतरलेल्या पाहुण्यांना २०२१ सालापासून अधिकृत वेळेच्या तीस मिनिटे आधी प्रवेश दिला जातो. हा अर्धा तास तेथील ‘फँटसीलँड’ आणि ‘टुमॉरोलँड’ या दोन विभागांपुरता असतो. साहजिकच नऊच्या ठोक्याला आत येणारा सामान्य तिकीटधारक या विभागांत पोचतो, तेव्हा तेथील नामांकित राइडसमोर आधीच रांग लागलेली असते. त्यामुळे पहिले पाऊल कोठे टाकायचे याचे उत्तर प्रत्येकासाठी सारखे नसते.

लवकर प्रवेशाचा हक्क असणाऱ्याने दोनपैकी एकच विभाग निवडावा. फँटसीलँडमध्ये २०१४ साली सुरू झालेली ‘सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन’ प्रथम आणि तिच्यानंतर ‘पीटर पॅन्स फ्लाइट’ असा क्रम लहान मुलांच्या कुटुंबाला सोयीचा पडतो. मुले मोठी असतील तर टुमॉरोलँडमध्ये २०२३ साली आलेली ‘ट्रॉन’ आणि तिच्या शेजारची, १९७५ पासूनची ‘स्पेस माउंटन’ ही जोडी आधी उरकावी. दोन्ही विभागांचा मोह धरणाऱ्याचा वेळ चालण्यातच जातो. ज्यांना हा हक्क नाही, त्यांनी नऊ वाजता ‘ॲडव्हेंचरलँड’ची वाट धरणे शहाणपणाचे ठरते. तेथील ‘जंगल क्रूझ’समोर दुपारी मोठी रांग लागते. सकाळी मात्र गर्दीचा लोंढा दुसऱ्या दिशेला वळलेला असतो.

लोकप्रिय नव्हे, तर संथ राइड आधी

नवख्या पर्यटकाची एक समजूत असते, की सर्वांत प्रसिद्ध त्या राइड आधी कराव्यात. ती पूर्णपणे खरी नाही. जिची क्षमता मागणीच्या मानाने अपुरी, ती राइड आधी करावी. पीटर पॅन ही १९७१ पासूनची जुनी, साधी, अवघ्या काही मिनिटांची सफर आहे. पण तिच्या एका नौकेत मोजकीच माणसे बसतात, त्यामुळे वर्षानुवर्षे तिची रांग लांबच राहिली आहे. उलट ‘हाँटेड मॅन्शन’मधील आसनांची साखळी अखंड फिरत असते आणि ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’मधील होड्या भराभर भरून सुटतात. त्यांच्यासमोरची रांग लांब दिसली तरी ती सरकत राहते. अशा राइड आणि थंडगार सभागृहातील खेळ दुपारसाठी राखून ठेवावेत.

सकाळच्या वेळी एखादी राइड तांत्रिक कारणाने सुरूच न होणे, हेही नवे नाही. त्यामुळे मनात दुसरा पर्याय तयार असावा. बंद राइडसमोर ‘आता सुरू होईल’ या आशेवर अर्धा तास उभे राहिले, की पहाटे उठण्याचे सारे पुण्य तेथेच खर्ची पडते.

पैशाची रांग वेगळी

डिस्नेने १९९९ साली ‘फास्टपास’ ही सोय विनामूल्य सुरू केली होती. राइडपाशी चिठ्ठी घ्यायची आणि तिच्यावर छापलेल्या वेळी परत यायचे, अशी ती पद्धत होती. २०२० साली ती थांबली. २०२१ पासून तिची जागा सशुल्क व्यवस्थेने घेतली आणि जुलै २०२४ पासून ‘लायटनिंग लेन’ची आगाऊ नोंदणी करता येऊ लागली. डिस्नेच्या हॉटेलातील पाहुण्यांना सात दिवस आधी, तर इतरांना तीन दिवस आधी ही नोंदणी खुली होते. तिचा दर दिवसागणिक बदलतो.

या व्यवस्थेचा परिणाम पैसे न भरणाऱ्यावरही होतो. तासाला बाराशे माणसे नेणाऱ्या आपल्या काल्पनिक राइडमधील आठशे जागा सशुल्क मार्गिकेला दिल्या, असे समजू. सर्वसाधारण रांगेसाठी तासाला चारशेच जागा उरतात. पुढे सहाशे माणसे असतील, तर अर्ध्या तासाची प्रतीक्षा दीड तासावर जाते. देवस्थानांत पैसे भरून घेतल्या जाणाऱ्या दर्शनावर जो वाद घातला जातो, तोच येथेही घालता येईल. रांगेत सर्व समान, ही भावना आता उरलेली नाही. अशा स्थितीत सकाळचा पहिला तास हा साध्या तिकीटधारकाचा मोठा आधार आहे, कारण त्या वेळी सशुल्क मार्गिकेचा वापर तुलनेने कमी असतो. पैसे वाचवायचे असतील तर झोप खर्चावी लागते, असा हा सरळ व्यवहार आहे.

उलट्या क्रमाने वेळापत्रक

मुंबईकराला गावी जाण्याची गाडी पकडायची असते, तेव्हा तो गाडीच्या वेळेपासून मागे हिशेब करत घरातून निघण्याची वेळ ठरवतो. येथेही तेच करावे लागते. शिवाय मॅजिक किंगडमचे वाहनतळ दाराशी नाही. मोटारीने येणाऱ्यास ती ‘ट्रान्सपोर्टेशन अँड तिकीट सेंटर’पाशी ठेवून, सुरक्षा तपासणी उरकून, मोनोरेलने अथवा फेरीबोटीने तलावापलीकडे जावे लागते. १९८९ साली सुरू झालेल्या आणि २०२२ साली बंद पडलेल्या गोराईच्या एस्सेलवर्ल्डला बोटीने गेलेल्या मुंबईकरांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. डिस्नेच्या हॉटेलांतून सुटणाऱ्या बस मात्र थेट प्रवेशद्वाराजवळ सोडतात.

म्हणजे साडेआठला लवकर प्रवेश असेल, तर पावणेआठपर्यंत दारासमोर उभे राहणे इष्ट. त्यासाठी सव्वासातला वाहनतळ गाठावा लागतो. हॉटेल वीस मिनिटांवर असेल, तर सात वाजण्यापूर्वी निघणे आले. लहान मुले असलेल्या घरात त्याआधी तासभर तरी उठावे लागते. उघडण्याची वेळ दिवसानुसार बदलते, काही दिवशी ती आठचीही असते. म्हणून आदल्या रात्री ती पुन्हा पाहून घ्यावी. तिकिटे आधीच विकत घेऊन फोनवरील ॲपमध्ये नोंदलेली असावीत. सकाळी तिकीट खिडकीसमोर उभे राहणे म्हणजे एक रांग टाळण्यासाठी दुसरी पत्करणे होय. आदल्या रात्री उशिरापर्यंत आतषबाजी पाहत बसण्याचा बेतही टाळावा.

भारतातून नुकत्याच आलेल्या मंडळींना येथे एक अनपेक्षित लाभ होतो. ऑरलँडोचे घड्याळ भारताच्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ, तर हिवाळ्यात साडेदहा तास असते. त्यामुळे पहिले काही दिवस अनेकांना पहाटे दोन-तीनलाच जाग येते. एरवी त्रासदायक ठरणारी ही जाग थीम पार्कच्या दिवशी उपयोगी पडते. दुपारी डोळे मिटू लागतात, तेव्हा परत फिरावे.

आजी-आजोबा आणि नातवंडे

उंचीची अट आधी पाहिली नाही, तर मुलाची निराशा दाराशी होते. माइन ट्रेनसाठी किमान ३८ इंच, स्पेस माउंटनसाठी ४४ इंच आणि ट्रॉनसाठी ४८ इंच उंची लागते. मुलाची उंची घरीच, चपला काढून मोजावी. मूल लहान असेल, तर ‘रायडर स्विच’ ही सोय विचारून घ्यावी. तीत एक पालक मुलापाशी थांबतो, दुसरा राइड करून येतो आणि थांबलेल्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही.

अशा दिवशी आठ-दहा किलोमीटरचे चालणे सहज होते. घरी रोज फिरायला जाणाऱ्या आजोबांनाही सिमेंटच्या रस्त्यावर ते जड जाते. दाराजवळ चाकाची खुर्ची भाड्याने मिळते. ती घेण्यात संकोच नसावा. खाण्याचे पदार्थ बरोबर नेता येतात, फक्त काचेची भांडी आणि मद्य चालत नाही. दशम्या किंवा पराठ्यांचा डबा बरोबर असला, की शाकाहारी मंडळींची दुपारची एक रांग वाचते. झटपट खाद्यगृहांत थंड पाण्याचा पेला विनामूल्य मिळतो.

फ्लोरिडात जून ते सप्टेंबर या काळात दुपारी वीजगर्जनेसह पावसाच्या सरी येतात आणि उघड्यावरील राइड तेवढ्यापुरत्या बंद ठेवल्या जातात. ऊन, पाऊस आणि सर्वांत लांब रांगा असे तिन्ही त्रास दुपारीच एकत्र येतात. म्हणून एकच्या सुमारास हॉटेलवर परतून विश्रांती घ्यावी आणि संध्याकाळी पुन्हा यावे. त्याच तिकिटावर त्या दिवशी त्याच उद्यानात परत प्रवेश मिळतो.

बेत कशासाठी?

पहाटेच्या नियोजनाचीही एक मर्यादा आहे. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात किंवा ईस्टरच्या सुट्टीत सकाळीच गर्दी उसळते आणि लवकर येण्याचा फायदा आखडतो. शक्य असेल तर असे आठवडेच टाळावेत. तसेच यादीतील प्रत्येक राइड पुरी करण्याच्या ईर्ष्येने मुलांना ओढत नेले, तर सहलीची कवायत होते. पहिल्या दीड तासात तीन-चार मोठ्या राइड झाल्या, की नियोजनाचे काम संपले असे मानावे.

त्यानंतर घड्याळ बाजूला ठेवता येते. नातवंडाला एखाद्या बदकापाशीच अर्धा तास रमायचे असेल, तर रमू द्यावे. आजीला सावलीतल्या बाकावर बसून येणारी-जाणारी माणसे न्याहाळायची असतील, तर तिच्याजवळ बसावे. पहाटे लवकर उठून कमावलेला वेळ खर्च करण्याची खरी जागा हीच आहे.