एक सेंट दंड आणि सहा महिने

‘प्रोबेशन’ हा शब्द मला ठाऊक होता तो नोकरीतला. सांगलीला शाळेत लागले तेव्हा पहिली दोन वर्षं प्रोबेशनवर होते. कायम झाले त्या दिवशी बाबांनी पेढे वाटले होते. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ मला गेल्या वर्षी इथे, बोस्टनजवळच्या एका डिस्ट्रिक्ट कोर्टात कळला.

आमच्या ओळखीचा एक मुलगा एम.एस. करायला आलेला. एका रात्री त्याचा फोन आला, “वहिनी, दादा आहेत का? माझ्या हातून चूक झालीय.” दुकानात आपलं आपण बिल करायच्या यंत्रावर त्याने काही वस्तू स्कॅन न करताच पिशवीत टाकल्या होत्या. दारात अडवलं, पोलीस आले, मग कोर्टाचं समन्स. “आईला सांगू नका,” एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

तारखेला ह्यांना सुट्टी मिळेना, म्हणून मी त्याच्याबरोबर गेले. वकील म्हणाले, घाबरू नका, ‘कंटिन्यूअन्स विदाउट अ फाइंडिंग’ घेऊ. मॅसॅच्युसेट्समध्ये ही पद्धत रोजचीच आहे. दोषी ठरवायला पुरेशा गोष्टी आहेत, हे आरोपी कबूल करतो. न्यायाधीश त्याला दोषी न ठरवता प्रोबेशनवर सोडतात. मुदत नीट पार पडली की केस रद्द होते. मुलाचा चेहरा उजळला. मी सहज म्हटलं, “पण हा एफ-१ व्हिसावर आहे, चालेल ना?” वकील थांबले आणि त्यांनी पुढची तारीख मागितली.

पुढे इमिग्रेशनच्या वकिलाकडून कळलं ते असं. राज्याचा कायदा याला शिक्षा मानत नसला, तरी देशाचा इमिग्रेशन कायदा मानतो. कबुली दिली आणि न्यायाधीशांनी कसलंही बंधन घातलं, की त्या कायद्याच्या दृष्टीने तो गुन्हा सिद्ध झाला. नंतर केस रद्द झाली तरी फरक पडत नाही. व्हिसा, ग्रीन कार्ड, प्रसंगी या देशातलं राहणंच धोक्यात येऊ शकतं. म्हणूनच कबुली घेण्याआधी इथल्या न्यायाधीशांना इमिग्रेशनच्या परिणामांची सूचना द्यावी लागते. आरोपीला हा धोका समजावून सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१० साली ‘पडिया विरुद्ध केंटकी’ खटल्यात म्हटलं आहे.

अखेर सरकारी वकील खटल्याआधीच्या प्रोबेशनला तयार झाले. यात कबुली नसते. मुदत सहा महिने. अटी अशा, की त्या दुकानात पाऊल टाकायचं नाही, ठरलेले तास समाजसेवा करायची, नवा गुन्हा करायचा नाही आणि परवानगीशिवाय राज्याबाहेर जायचं नाही. अट मोडली तर खटला पुन्हा उभा राहतो. शिक्षेनंतरच्या प्रोबेशनवर असणाऱ्याचं तर आणखी कठीण. अट मोडल्याच्या सुनावणीला ज्युरी नसते, नि:संशय पुरावाही लागत नाही. ‘मोडली असण्याची शक्यता जास्त’ एवढं पटलं तरी पुरतं आणि माणूस तुरुंगात जाऊ शकतो.

त्या सहा महिन्यांत गावी त्याच्या बहिणीचं लग्न झालं. वकिलांनी देश सोडू नको म्हणून बजावलं होतं. आमच्या बैठकीच्या खोलीत पहाटे बसून त्याने मंगलाष्टकं फोनवर ऐकली. घरी कारण सांगितलं होतं, परीक्षा.

गंमत म्हणजे ही पद्धत जन्मली ती बोस्टनमध्येच. १८४१ साली जॉन ऑगस्टस नावाचा बुटांचा कारागीर पोलीस कोर्टात बसला होता. एका दारुड्याला आत टाकणार, तोच याने त्याचा जामीन भरला. तीन आठवड्यांनी तो माणूस शुद्धीवर, नीटनेटका असा कोर्टात हजर झाला आणि न्यायाधीशांनी दंड केला एक सेंट, वर खर्च. पुढे १८५९ साली मरेपर्यंत ऑगस्टसने शेकडो माणसं अशी सोडवली. १८७८ साली मॅसॅच्युसेट्सने प्रोबेशनचा कायदा केला. आजही इथलं प्रोबेशन खातं न्यायालयांच्याच अखत्यारीत आहे. प्रोबेशनवरच्या माणसाकडून दरमहा घेतली जाणारी फी २०२२ साली बंद झाली.

आपल्याकडेही हा विचार नवा नाही. मुंबई प्रांताने १९३८ साली असा कायदा केला, १९५८ साली तो देशभरासाठी झाला. ‘परिवीक्षा अधिकारी’ ही पाटी सरकारी कचेरीत मी कितीदा वाचली होती. अर्थ मात्र कधी विचारला नव्हता.

मंडळातल्या पालकांना आणि नव्याने आलेल्या मुलांना माझं सांगणं एवढंच. कोर्टाचा कागद आला तर तो लपवू नका आणि तारीख चुकवू नका. “लवकर मिटेल” म्हणून सही करण्याआधी आपला व्हिसा कोणता ते वकिलाला सांगा आणि इमिग्रेशनच्या वकिलाचा सल्ला घ्या. प्रोबेशनवर असाल तर तिकीट काढण्याआधी परवानगी घ्या. आणि केस रद्द झाली तरी व्हिसाच्या अर्जात अटकेविषयी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर खरंच द्या.

आमच्या मुलाची केस मार्चमध्ये रद्द झाली. कोर्टातून येताना मी म्हटलं, “आता तरी आईला सांग.” तो गाडीत बराच वेळ गप्प होता. घरी आल्यावर त्याने फोन लावला. मी चहा टाकायला आत गेले. चहा दोनदा गरम करावा लागला.