शिकार गेली, शिकारी कुत्रा उरला

भोपाळच्या मराठी घरांतून अलीकडे एक प्रश्न वरचेवर आमच्या कानी येतो. मुलांनी कुत्र्याचा हट्ट धरलेला असतो. कुणीतरी तारेसारख्या राठ केसांच्या, दाढीमिशा राखलेल्या एखाद्या विलायती शिकारी कुत्र्याचे छायाचित्र दाखविलेले असते, आणि मग "याचे पिल्लू आणावे काय?" अशी पृच्छा होते. आम्ही उलट विचारतो, "त्याला तसे केस कशासाठी मिळाले, हे आपणांस ठाऊक आहे काय?"

एअरडेल टेरिअरचे उदाहरण घ्या. इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात एअर नावाची नदी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिच्या खोऱ्यातील कामकरी लोकांनी पाणमांजरांच्या शिकारीसाठी ही जात घडविली. थंडगार पाण्यात उतरायचे आणि काटेरी झुडपांत शिरायचे, असे तिचे काम. म्हणून वरून ताठ, राठ केस आणि आत मऊ, दाट लव, असा दुहेरी पेहराव तिला लाभला. हा पेहराव नीट राखणे हे मात्र कष्टाचे काम असते. आठवड्यातून दोनतीनदा फणी फिरवावी लागते. मेलेले केस वर्षातून दोनतीन वेळा चिमटीने उपटून काढावे लागतात. यंत्राने कापले तर केस मऊ पडतात, रंग फिका होतो आणि राठपणाच नाहीसा होतो. एअर नदीकाठच्या धुक्यासाठी शिवलेला हा कोट आपण मे महिन्यात, पारा चव्वेचाळीस अंशांवर गेलेला असताना, भोपाळच्या गच्चीवर एका मुक्या जिवाला घालावयास लावणार काय?

कुत्र्याचे केस हा त्याच्या मायभूमीचा दाखला असतो. असाच एक दाखला आपल्या मुलखाचाही आहे, पण आपल्यापैकी किती जणांना तो वाचता येतो? सोलापूर, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांतील आणि लगतच्या उत्तर कर्नाटकातील माळरानांवर पिढ्यान्पिढ्या सशामागे धावलेला कुत्रा म्हणजे 'कारवान'. व्यापाऱ्यांच्या काफिल्यांबरोबर पश्चिम आशियातून तो दख्खनेत आला, असे परंपरा सांगते. त्याचे दुसरे नाव 'मुधोळ'. आज बागलकोट जिल्ह्यात असलेले मुधोळ हे घोरपड्यांचे मराठी संस्थान होते. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या जातीची निगुतीने पैदास केली. पाचव्या जॉर्ज बादशहाला त्यांनी या कुत्र्यांची जोडी नजर केल्याचे सांगतात. १९४८ साली संस्थान विलीन झाले. कुत्रा मात्र धनगरांच्या आणि शेतकऱ्यांच्या वाड्यावस्त्यांवर टिकून राहिला.

याच्या अंगावर आखूड, गुळगुळीत, अंगालगत बसलेले केस असतात. कान, पाय आणि शेपटी यांवर लांब रेशमी झालर असलेल्या प्रकारास 'पश्मी' म्हणतात. पश्म म्हणजे लोकर. उन्हाच्या देशात दौडणाऱ्या जनावरास याहून जड वस्त्र परवडत नाही. खांद्यापाशी सव्वादोन फुटांच्या आसपास उंची, लांब निमुळते तोंड, खोल छाती, पोटाशी आत गेलेली कंबर आणि लांब, सडसडीत पाय, अशी त्याची ठेवण. अनोळखी माणसास तो उपाशी वाटतो, परंतु दोनतीन फासळ्या दिसणे हेच त्याच्या प्रकृतीचे लक्षण होय. तो वासावर नव्हे, नजरेवर शिकार करतो. भर वेगात असताना एकेका झेपेत दोनदा त्याचे चारही पाय जमिनीपासून सुटलेले असतात.

स्वभावाने तो अबोल आणि मानी आहे. घरच्या माणसांवर त्याची माया असते, परंतु परक्याने अंगाला हात लावलेला त्यास रुचत नाही. मारझोड केली तर तो मनाने कायमचा दुरावतो.

आता खऱ्या अडचणीकडे वळू. या कुत्र्याचे कामच उरलेले नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ साली त्यात झालेली दुरुस्ती यांनी शिकारीचा अध्याय मिटविला, आणि तो मिटला हे योग्यच झाले. वन्य प्राण्यामागे कुत्रा घालणे हीदेखील कायद्याच्या दृष्टीने शिकारच. मात्र कायदा माणसाला वाचून दाखविता येतो. कुत्र्याच्या रक्तात शेकडो वर्षे मुरलेली धाव कोणत्या कलमाने रद्द करावी? ती धाव अडली की तो दारे ओरबाडतो, गाद्या फाडतो. मग "कुत्रा बिघडला" असे म्हणून त्याला रस्त्यावर सोडणारी सुशिक्षित घरेही आम्ही पाहिली आहेत. बिघडलेला असतो तो आपला हिशेब.

म्हणून ज्यांना हा कुत्रा पाळावयाचा आहे, त्यांनी पहिली तरतूद धावण्याची करावी. रोज सकाळ-संध्याकाळ लांबवर फिरविणे आणि शक्य तेव्हा चहूबाजूंनी कुंपण असलेल्या मैदानात मोकळे सोडणे आवश्यक आहे. उघड्यावर पट्टा कदापि सोडू नये. नजरेत खार किंवा मांजर भरली की आपली हाक त्याच्या कानात शिरत नाही, आणि मोटारी काही त्याच्यासाठी थांबत नाहीत. केरवा व कलियासोत धरणांकडील रानात तर त्यास नेऊच नये. तेथे वाघ-बिबट्यांचा वावर आहे. शिवाय आपल्या कुत्र्यांचे रोगही रानाला बाधतात. २०१८ साली गीरमध्ये काही सिंह डिस्टेंपरने दगावले, हे विसरता येत नाही. पिलाला सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर आणि पार्व्होच्या लसी, तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस आणि पुढे वैद्याच्या सल्ल्याने नियमित मात्रा, यांत कुचराई करू नये.

उन्हाळ्यात फिरणे सूर्योदयापूर्वी उरकावे. तापलेल्या डांबरावर आपला तळहात काही क्षण ठेवून पाहावा. आपल्यास सोसत नसेल तर त्याच्या पंजासही सोसणार नाही. अंगावर चरबी बेताची असल्याने जानेवारीच्या थंडीत मात्र त्यास घोंगडी व मऊ अंथरूण हवे. केसांची निगा सोपी आहे. आठवड्यातून एकदा ओलसर फडक्याने पुसले की पुरे. पश्मीच्या झालरीतून तेवढी फणी फिरवावी. पावसाळ्यात रोज कानांच्या पाळ्या आणि बोटांच्या बेचक्या तपासाव्यात. गोचिडांपासून होणारा ताप रक्त पोखरतो.

आहार दोन वेळांत विभागून द्यावा. छाती खोल असल्याने जेवणानंतर लगेच धावल्यास पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो. भाकरीबरोबर अंडी किंवा मांस हवेच. कांदा, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट ही त्यास विषासमान आहेत, हे घरातील मुलांना व लाड करणाऱ्या आजीलाही सांगून ठेवावे. आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. शस्त्रक्रियेची वेळ आली तर "हा हाउंड आहे" असे पशुवैद्यास आधी सांगावे, कारण भुलीची काही औषधे, विशेषतः थायोपेंटोन, अशा कृश कुत्र्यांच्या शरीरातून उतरण्यास फार वेळ लागतो.

या जातीला नवे काम देण्याचे प्रयत्न आता सुरू झाले आहेत. मुधोळजवळ तिम्मापूर येथे कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. २००५ साली टपाल खात्याने मुधोळ हाउंडचे तिकीट काढले. २०१६ साली मीरतच्या लष्करी केंद्रात त्यांचे शिक्षण सुरू झाले. आपल्याच मध्य प्रदेशात, ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूर येथे, सीमा सुरक्षा दलाचे राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. दलाच्या 'रिया' नावाच्या मुधोळ कुत्रीने २०२४ च्या अखिल भारतीय पोलीस स्पर्धेत विलायती जातींना मागे टाकून सर्वोत्तम श्वानाचा मान पटकाविला.

याच भोपाळात विशेष सशस्त्र दलाच्या तेविसाव्या वाहिनीच्या केंद्रात वाघाची हाडे आणि कातडी हुंगून काढणारे कुत्रे तयार झाले. ते बहुतेक जर्मन शेफर्ड असतात, पण बोध सर्वांसाठी आहे. जो प्राणी एकेकाळी शिकाऱ्यापुढे धावत होता, तोच आज शिकाऱ्याचा माग काढतो. म्हणजे रक्तातला गुण मारावा लागत नाही. त्याला वाट द्यावी लागते.

खंडोबाच्या चरणी आणि दत्ताच्या भोवती आपण कुत्र्याला स्थान दिले आहे. देवघरातील तसबिरीत ते देणे सोपे असते. घरात द्यावयाचे तर रोज पहाटे पाच वाजता उठावे लागते, तेही पुढली बारा-तेरा वर्षे. ज्यांची ही तयारी असेल त्यांनी कारवान अवश्य आणावा. ज्यांची नसेल त्यांनी गल्लीतल्या एखाद्या गावठी पिलाला लस टोचून ओसरीवर जागा द्यावी. तेही याच उन्हात वाढलेले आहे, आणि त्याच्या अपेक्षा थोड्या आहेत.