आकडे त्यांचे, मुले आपली

काही वर्षांपूर्वी शाळा सोडणाऱ्या मुलांचा प्रश्न घेऊन आमचे शिष्टमंडळ एका सरकारी कचेरीत गेले होते. वस्तीतील नववी-दहावीची मुले वीटभट्टीवर आणि लग्नाच्या वाढपीकामाला जात होती, हे आम्ही रोज डोळ्यांनी पाहत होतो. निवेदन चार पानांचे होते, घोषणाही दणदणीत होत्या. साहेबांनी शांतपणे एक छापील कागद पुढे सरकवला. म्हणाले, "वकीलसाहेब, गळती जवळपास संपली आहे. हे आकडे बघा." पंधरा वर्षे कोर्टात साक्षीदारांची उलटतपासणी घेणारे आम्ही, पण त्या एका कागदाची उलटतपासणी आम्हाला घेता आली नाही. निवेदनावर पोचशिक्का मारून घेतला आणि परत आलो.

घरी येऊन तो कागद पुन्हा वाचला तेव्हा कपाळावर हात मारला. साहेबांचा आकडा खोटा नव्हता, पण तो पहिली ते पाचवीचा होता. आमची मुले गळत होती नववी-दहावीत! हे एका कचेरीपुरते नाही. 2021-22 च्या यू-डायस अहवालात देशातील प्राथमिक स्तरावरची गळती 1.5 टक्के आहे, तर माध्यमिक स्तरावरची 12.6 टक्के. दोन्ही आकडे एकाच अहवालातले. कोणता पुढे करायचा आणि कोणता झाकायचा, एवढेच राजकारण. ज्याला प्रश्न विचारता येत नाही, त्याच्यापुढे नेहमी पहिलाच आकडा येतो.

त्या दिवसापासून आम्ही संख्याशास्त्र शिकायला बसलो. लॉ कॉलेजात हा विषय कोणी शिकवला नव्हता. घरातले दहावीचे गणिताचे पुस्तक काढले, त्यात मध्य, मध्यक, बहुलक होतेच. वस्तीतील एम.एड. करणाऱ्या एका मुलीने पुढचे शिकवले. वयाच्या चाळिशीत मुलीच्या वयाच्या शिक्षिकेपुढे बसताना आम्हाला संकोच वाटला नाही. कारण बाबासाहेबांचे उदाहरण समोर होते.

12 मार्च 1927 रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी नुसती कैफियत मांडली नाही. प्राथमिक शाळेत येणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त 18 पोहोचतात, हे त्यांनी सरकारला ऐकवले. पुढे त्यांनी वर्गवार हिशेब मांडला. प्राथमिक शाळेत शिकणारी मुले दर हजार लोकसंख्येमागे प्रगत हिंदूंत 119, मुसलमानांत 92, मध्यम वर्गात 38 आणि मागास वर्गात 18. इथे 'दर हजारी' हा शब्द महत्त्वाचा आहे. मागास वर्ग संख्येने मोठा, म्हणून मुलांची नुसती बेरीज दाखवली असती तर दरी झाकली गेली असती. बाबासाहेबांनी भागाकार केला आणि दरी उघडी पडली. संख्याशास्त्राचा पहिला धडा हाच: वरचा आकडा पाहण्याआधी खालचा भाजक विचारा.

भाजकाची गंमत आजही चालते. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात 18 ते 23 वयोगटाच्या लोकसंख्येमागे किती नोंदणी, हे प्रमाण काढतात. 2019-20 चे प्रमाण आधी 27.1 छापले गेले. पुढे लोकसंख्येचा अंदाज 2011 च्या जनगणनेवरून धरला, तेव्हा त्याच वर्षाचे प्रमाण 25.6 झाले. एकही विद्यार्थी घरी गेला नाही, फक्त भाजक बदलला. उद्या कोणी जुन्या पद्धतीचा आकडा नव्याशेजारी ठेवून प्रगती किंवा अधोगती सिद्ध करू लागला, तर त्याला तिथेच थांबवता आले पाहिजे.

दुसरा धडा सरासरीचा. समजा, पाच मुलांना 35, 36, 38, 40 आणि 91 गुण मिळाले. सरासरी 48! शाळा खूश. पण पाचपैकी चार मुले चाळिशीच्या पुढे गेलेलीच नाहीत. मधल्या मुलाचे गुण, म्हणजे मध्यक, 38 आहे. सरासरीत एक मूल चौघांना झाकते. तसेच 2021-22 मध्ये उच्च शिक्षणाचे एकूण प्रमाण 28.4 आणि अनुसूचित जातींचे 25.9. वरवर पाहता अंतर अडीचचेच. पण त्या 'एकूण' मध्ये आपण आणि आदिवासीही आहोत, आणि आदिवासींचे प्रमाण 21.2 आहे. आपल्याला वगळून इतरांचे प्रमाण काढा, दरी आणखी रुंद दिसेल.

तिसरा धडा नमुन्याचा, आणि इथे चूक आमचीच झाली. मुले शाळा का सोडतात याची पाहणी करायला आमचे कार्यकर्ते शाळेत गेले. शाळा सोडलेले मूल शाळेत भेटेल कसे? रविवारी विहारात विचारले, तर विहारात येणारी कुटुंबेच भेटली. ऊसतोडीला गेलेले कुटुंब दोन्हीकडे नव्हते. ज्याचा प्रश्न आहे तोच मोजणीबाहेर राहिला.

चौथा धडा कारणाचा. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना गुण जास्त, म्हणून माध्यमच श्रेष्ठ, असे म्हणण्याआधी त्यांच्या आईबापांचे शिक्षण आणि उत्पन्न पाहावे लागते. आपल्या मुलांचे गुण दाखवून 'गुणवत्ता' शिकवणाऱ्यांनाही हाच प्रश्न विचारावा: तुलना समान परिस्थितीतल्या मुलांशी केली का?

वकील म्हणून सांगतो, हा छंदाचा विषय नाही. 2006 च्या एम. नागराज निकालात सर्वोच्च न्यायालयाने पदोन्नतीतील आरक्षणासाठी आकडेवारी मागितली. 2018 च्या जर्नेलसिंग निकालात आपले मागासलेपण आकड्यांनी सिद्ध करण्याची अट गेली, पण प्रतिनिधित्व अपुरे असल्याचे दाखवण्याची अट राहिली. 2021 मध्ये महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांचे ओबीसी आरक्षण अशाच माहितीअभावी अडले. 2024 च्या उपवर्गीकरणाच्या निकालातही मदार आकडेवारीवरच आहे. त्या निकालांशी आपण सहमत असू वा नसू, लढाईचे मैदान तिकडे सरकले आहे. तिथे नुसत्या घोषणेला पुरावा मानत नाहीत.

म्हणून समाजबांधवांना एकच विनंती. येत्या 14 एप्रिलला डीजेच्या खर्चातला थोडा भाग वह्या-पेन्सिलींना द्या. प्रत्येक विहारात दहा तरुण बसवा, दहावीचे गणिताचे पुस्तक उघडा. मग घरोघर जाऊन एक नोंदवही भरा: सहा ते अठरा वयाची मुले किती, शाळेत किती, कोणत्या इयत्तेत कोण थांबले आणि का. बंद दारावरही खूण करा आणि पुन्हा जा. आमच्या वस्तीची नोंदवही भरून झाली आहे. पुढच्या वेळी साहेबांनी कागद पुढे सरकवला, की आम्हीही एक कागद पुढे सरकवणार आहोत.