बंदी कधी घ्यायची? पिवळी कार्डं आणि ‘हेतू’ मोजण्याची अडचण

17 मे 2024 ला वानखेडेवर मुंबई इंडियन्सचा मोसमातला शेवटचा सामना होता, लखनौविरुद्ध. मुंबई आधीच स्पर्धेबाहेर गेली होती. त्या दिवशी षटकं वेळेत टाकून झाली नाहीत. मोसमातली ही तिसरी वेळ, म्हणून कर्णधार हार्दिक पंड्याला 30 लाखांचा दंड आणि एका सामन्याची बंदी. पण सामनाच उरला नव्हता! बंदी पुढच्या मोसमावर गेली आणि 23 मार्च 2025 ला चेन्नईत सूर्यकुमार यादवने नेतृत्व केलं. वानखेडेच्या सामन्याआधी पाचच दिवस, 12 मे ला, दिल्लीचा ऋषभ पंत याच नियमाखाली बाहेर बसला होता. दिल्ली तो सामना बंगळुरूकडून 47 धावांनी हरली. शेवटी दोन्ही संघांचे गुण सारखेच, 14, पण प्लेऑफला बंगळुरू गेलं.

नियम तोच, शिक्षाही तीच, फक्त तारीख वेगळी. हार्दिकने किंवा पंतने काही मुद्दाम केलं असं मला अजिबात म्हणायचं नाही. मला हवाय तो यातून निघणारा प्रश्न: बंदीची किंमत तारखेवर ठरत असेल आणि ती तारीख निवडणं खेळाडूच्या हातात असेल, तर तो निवडेल का?

फुटबॉलमध्ये ते बरंचसं हातात असतं. पिवळी कार्डं साठत जातात आणि ठरावीक आकडा गाठला की एक सामना बंदी. चॅम्पियन्स लीगमध्ये हा आकडा तीन आहे. उपांत्यपूर्व फेरी संपली की जुनी कार्डं पुसली जातात. म्हणजे दोन कार्डं अंगावर घेऊन मोठ्या सामन्यात उतरायचं, की आत्ताच तिसरं घेऊन सोप्या सामन्याला बसायचं, असा हिशेब मांडता येतो. कॉलेजात 75 टक्के हजेरीची अट असली की मार्चमध्ये कोण किती तासांना बसतं ते आठवा. सीमारेषा आखली की माणसं तिच्याजवळ येऊन वेगळं वागायला लागतात.

सगळ्यात गमतीशीर उदाहरणं एकाच क्लबची आहेत. नोव्हेंबर 2010 मध्ये रिआल माद्रिद आयाक्सविरुद्ध 4-0 ने पुढे असताना झाबी आलोन्सो आणि सर्जिओ रामोस यांनी शेवटी शेवटी उघड वेळ काढला आणि दुसरं पिवळं कार्ड घेऊन दोघंही बाहेर गेले. गटात एकच सामना उरला होता, तोही बिनमहत्त्वाचा. बंदी त्यात फिटणार आणि बाद फेरीत पाटी कोरी. युएफाने दोघांना प्रत्येकी 20 हजार युरो दंड केला, प्रशिक्षक मोरिन्यो आणि क्लबलाही शिक्षा झाली. 2017 मध्ये दानी कार्वाहालने अपोएलविरुद्ध थ्रो-इनला उशीर करून कार्ड घेतलं. युएफाने ते मुद्दाम ठरवलं, बंदी दोन सामन्यांची केली आणि तो पॅरिसविरुद्धच्या पहिल्या लढतीलाही मुकला. तरीही फेब्रुवारी 2019 मध्ये परत आयाक्स, परत रामोस! 2-1 ने पुढे असताना शेवटच्या मिनिटांत कार्ड, आणि सामन्यानंतर पत्रकारांसमोर हा हिशेब डोक्यात होता असं सूचित करणारं बोलणं. नंतर त्याने इन्कार केला, पण बंदी दोन सामन्यांची झाली. परतीची लढत घरच्या मैदानावर होती. त्याच्याशिवाय खेळलेलं माद्रिद ती 4-1 ने हरलं आणि स्पर्धेबाहेर गेलं.

त्याआधी ऑक्टोबर 2004 मध्ये डेव्हिड बेकहॅमने वेल्सविरुद्ध असंच केलं होतं. बरगडी दुखावल्याने पुढच्या अझरबैजानविरुद्धच्या सामन्यात तो खेळू शकणार नव्हताच. मग बंदीही त्यातच उरकून घेऊ म्हणून त्याने फाऊल करून कार्ड ओढवून घेतलं आणि वर्तमानपत्राला तसं सांगूनही टाकलं.

आता संशोधक म्हणून इथे थांबा. ही सगळी उदाहरणं पकडल्या गेलेल्यांची किंवा बोलून बसलेल्यांची आहेत. ज्याने साधा फाऊल करून गुपचूप कार्ड घेतलं, तो या यादीत कधीच येणार नाही. चार किस्से गोळा करून ‘खेळाडू मुद्दाम कार्ड घेतात’ असं सिनॉप्सिसमध्ये लिहिलंत तर गाईड पहिलं बोट इथेच ठेवतील. हेतू दिसत नाही. दिसतं ते फक्त वर्तन, आणि तेही हजारो सामन्यांत मिळून.

मग करायचं काय? इंग्लिश प्रीमियर लीग घ्या. क्लबच्या पहिल्या 19 सामन्यांत पाच पिवळी कार्डं झाली तर एक सामना बंदी. 19 सामने झाले की ही अट संपते आणि पुढची मर्यादा दहावर जाते. म्हणजे चार कार्डं असलेला खेळाडू 18 व्या सामन्यात काठावर आहे आणि 20 व्या सामन्यात तोच खेळाडू, त्याच चार कार्डांसह, मोकळा आहे. असा नैसर्गिक प्रयोग आयता मिळणं म्हणजे भाग्यच. खेळाडूची तुलना त्याच्या स्वतःशीच करता येते. त्यामुळे ‘चार कार्डंवाला मुळातच आडदांड असतो’ हा आक्षेप बराचसा गळतो.

पण एक मोठी मेख आहे. काठावरचे काही खेळाडू घाबरून सांभाळून खेळतात, म्हणजे त्यांची कार्डं कमी होतात. काही जण हिशेबाने कार्ड घेतात, म्हणजे त्यांची वाढतात. सरासरी काढली की दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि उत्तर येतं शून्य. ‘परिणाम आढळला नाही’ असं लिहून आपण मोकळे, आणि प्रत्यक्षात दोन परिणाम तिथे असतात. म्हणून पुढच्या सामन्यांचं वेळापत्रक मॉडेलमध्ये आणावंच लागतं: पुढचा सामना सोपा आणि त्यानंतरचा अवघड असेल तेव्हा कार्डं वाढतात का? संघ आरामात पुढे असताना, शेवटच्या दहा मिनिटांत वाढतात का? आणि कसली कार्डं वाढतात, फाऊलची, की वेळकाढूपणा आणि हुज्जतीची? भीतीने यातलं काही वाढायला नको. शिवाय प्रशिक्षक काठावरच्या खेळाडूला मुळात खेळवतोच का, हेही पाहायला हवं. तो बाकावर बसला तर तुमच्या डेटात येणारच नाही.

समजा, एवढं करून नमुना ठळक दिसला. तरी त्यावरून अमुक खेळाडू दोषी असं म्हणता येत नाही, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वेस्ट हॅमच्या लुकास पाकेटावर मे 2024 मध्ये इंग्लिश फुटबॉल संघटनेने आरोप ठेवले की त्याने चार सामन्यांत सट्टेबाजीसाठी मुद्दाम कार्डं घेतली. तिथे कारण बंदीचं नव्हतं, पण प्रश्न हाच: हे कार्ड मुद्दाम होतं का? खेळाडूची अख्खी कारकीर्द पणाला लागली होती. जुलै 2025 मध्ये ते आरोप सिद्ध न झाल्याचा निकाल आला. हजार सामन्यांची सरासरी एका माणसाच्या एका फाऊलबद्दल साक्ष देऊ शकत नाही.

आपल्याकडे कुणाला हे करायचं असेल तर इंडियन सुपर लीग आहे. तिथे चार कार्डांवर बंदी, आणि मुंबई सिटी व एफसी गोवा हे संघ हाताशी आहेत. सामन्यांची संख्या युरोपपेक्षा कमी, त्यामुळे फार बारीक परिणाम सापडण्याची आशा ठेवू नका. कार्ड कितव्या मिनिटाला मिळालं हे तक्त्यात असतं, पण कशासाठी मिळालं हे व्हिडिओ बघून स्वतःच नोंदवावं लागेल. ते काम दोघांनी वेगवेगळं करा, आणि नोंदवणाऱ्याला त्या खेळाडूची आधीची कार्डं किती आणि पुढचा सामना कोणाशी, हे कळू देऊ नका.