जमशेटजींची गादी, आवाबाईंचा बांध

वाकोला हे साष्टी बेटातलं गाव. इथून मुंबई गाठायची तर कुर्ल्याकडून शीवचा बांध 1805 पासून होता. वांद्र्याहून मात्र माहीमची खाडी होडीनेच ओलांडावी लागे आणि पावसाळ्यात होड्या बुडत. या खाडीवरच्या बांधाला सरकार पैसे देईना. शेवटी जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाईंनी 1,57,000 रुपये दिले. अट एकच: रहदारीवर टोल बसवायचा नाही. 1845 मध्ये बांध खुला झाला.

जमशेटजींचा जन्म 1783 चा. आईबाप लवकर गेले. मामाच्या रिकाम्या बाटल्यांच्या धंद्यात हात बसला. तोच मामा पुढे सासराही झाला. मग चीनच्या खेपा सुरू झाल्या. 1805 मध्ये ते ज्यावर होते ते 'ब्रन्सविक' जहाज फ्रेंचांनी पकडलं. त्या जहाजावरचा डॉक्टर विल्यम जार्डिन पुढे चीनच्या व्यापारातला बडा भागीदार ठरला. माल कापूस आणि अफू. त्यांच्या नावाच्या जे. जे. हॉस्पिटलमागचा पैसा कुठून आला हे सांगताना अफू वगळणं मला पटत नाही.

1842 मध्ये ते 'सर' झाले, 1857 मध्ये बॅरोनेट. दोन्ही मान मिळवणारे पहिले भारतीय. 'सर' हा मान माणसाबरोबर संपतो, बॅरोनेटचा किताब थोरल्या मुलाकडे जातो. पण किताबाला शोभेल असा खर्च वारसाने भागवायचा कसा? जमशेटजी 1859 मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी त्यासाठी खास कायदा झाला. वर्षाला एक लाख रुपये उत्पन्न देणारे सरकारी रोखे आणि माझगाव कॅसल हा वाडा त्या कायद्याने किताबाशी कायमचे बांधून टाकले. शिवाय गादीवर येणाऱ्याने स्वतःचं नाव सोडून मूळ पुरुषाचं घ्यायचं. त्यामुळे कर्सेटजी झाले दुसरे सर जमशेटजी, माणेकजी तिसरे. माणेकजी 1898 मध्ये गेले. मागे मुलगा नव्हता, म्हणून भाऊ कावसजी चौथे सर जमशेटजी झाले. जुन्या कागदांत 'सर जमशेटजी' दिसले की आधी साल पाहावं लागतं. पेटिट घराण्याच्या 1890 च्या किताबालाही नावाचा असाच नियम आहे.

आपल्या संविधानाच्या कलम 18 ने असे किताब देणंच बंद केलं. जमशेटजींचा वंशपरंपरेचा किताब मात्र एकविसाव्या शतकातही वारसाकडे गेला.

या सगळ्या वारसाहक्कात मुलींना जागा नव्हती. आवाबाईंचं नावही माहीमच्या रस्त्याच्या पाटीवर 'लेडी जमशेटजी' एवढंच उरलं. त्यांचा बांध बॅरोनेटच्या सनदेपेक्षा बारा वर्षांनी जुना आहे. वाकोल्याच्या शाळांनी आपल्या मुलांना निदान एवढं सांगावं, की तो बांध आवाबाईंच्या पैशाने झाला.