फाटक उघडणारे यंत्र

गॅरेज हा शब्द मराठीने केव्हाच आपलासा केला आहे, परंतु मराठी माणसाच्या तोंडी त्याचा अर्थ बहुधा मोटार दुरुस्त करून घेण्याची जागा असा होतो. घराला लागून असलेली, मोटारीची स्वतंत्र खोली ही कल्पना मूळची पाश्चात्त्य, त्यातही विशेषेकरून अमेरिकन. तेथील थंडी आणि बर्फ यांमुळे मोटारीलाही भिंती व छप्पर लागते, आणि त्या खोलीला दारही लागते. सी. जी. जॉन्सन नावाच्या गृहस्थाने १९२१ साली वर उचलले जाणारे, छताखाली सरकून बसणारे दार तयार केले, आणि पाच वर्षांनी, १९२६ साली, ते विजेवर उघडणारे यंत्रही सिद्ध केले. आज बाजारात या यंत्रांचे जे प्रकार मिळतात, म्हणजे साखळीवर चालणारे, पट्ट्यावर चालणारे, आट्यांच्या दांड्यावर चालणारे आणि दाराच्या कडेला भिंतीवर बसणारे, ते सारे या वंशातलेच होत. त्यांतील भेद मुख्यतः आवाजाचा आणि जागेचा आहे. साखळी स्वस्त आणि टिकाऊ, पण खडखडते. पट्टा शांत, पण महाग. दाराचे वजन खरे पाहता यंत्र उचलतच नाही. ते वरच्या पिळाच्या स्प्रिंगा तोलून धरतात. यंत्र सोडवून दार हाताने अर्ध्यावर आणून सोडले, आणि ते तेथेच स्थिर राहिले, तर स्प्रिंगा ठीक आहेत असे समजावे. ते खाली कोसळू लागले, तर कितीही जबर यंत्र आणले तरी व्यर्थ.

परंतु चेन्नईत घर बांधणाऱ्याला या माहितीचा उपयोग बेताचाच. मग तो तंजावरच्या भोसल्यांच्या काळापासून तमिळ देशी स्थायिक झालेल्या कुटुंबातला असो, की श्रीपेरंबुदूर वा ओरगडमच्या मोटार कारखान्यांत नोकरीसाठी आलेला पुणेकर असो. चेन्नईत मोटार उभी असते ती एक तर कुंपणाच्या आत, घरापुढच्या पोर्चखाली, नाही तर खांबांवर उचललेल्या इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यात. तेव्हा तेथे उघडायचे असते ते खोलीचे दार नव्हे, तर कुंपणाचे फाटक, किंवा फार तर तळमजल्याला लावलेले शटर. यंत्राची निवड म्हणूनच यंत्रापासून सुरू होत नाही. ती जमिनीपासून सुरू होते.

चेन्नईत जमीन मोजतात ती ग्राउंड या मापाने. एक ग्राउंड म्हणजे २४०० चौरस फूट. चाळीस फूट रुंद आणि साठ फूट खोल असा पुरा ग्राउंड ज्याच्यापाशी आहे, त्याने सरकते फाटक निःशंकपणे घ्यावे. बारा फुटांचे फाटक सरकून भिंतीमागे जायचे तर भिंतीला बारा फुटांहून थोडी अधिक सलग लांबी हवी. चाळीस फुटांत ती सहज मिळते. पण अर्धा ग्राउंड, आणि त्याचे रस्त्यावरचे तोंड वीस फुटांचे असले, तर हिशेब बिघडतो. दहा फूट फाटकाला गेले, तीन फूट माणसांच्या छोट्या दाराला गेले, उरले सात. सात फुटांच्या भिंतीमागे दहा फुटांचे फाटक लपणार कसे? अशा घराला एकावर एक सरकणाऱ्या दोन पाकळ्यांचे फाटक, नाही तर दोन झडपांचे आत उघडणारे फाटक, हेच मार्ग उरतात.

झडपांच्या फाटकाला दुसरी अट आहे. दहा फुटांच्या फाटकाची एकेक झडप पाच फुटांची. ती फिरायला आत पाच फूट जागा मोकळी हवी. मोटार फाटकाला टेकून उभी करण्याची सवय असेल, तर यंत्र रोज सकाळी बंपरशी झुंजेल. त्याहूनही कठीण प्रश्न उताराचा. चेन्नईत रस्त्यांवर थरावर थर चढत गेल्यामुळे अनेक जुनी घरे रस्त्याच्या खाली गेली. त्यावर उपाय म्हणून नवी घरे बांधणारे अंगण उंच घेतात, आणि फाटकापासून आत चढ येतो. आत उघडणारी झडप त्या चढावर घासते. बाहेर उघडावी म्हटले तर रस्ता सार्वजनिक. झडप येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावर जाणार. शिवाय पहाटे उंबऱ्यापुढे कोलम काढणारी गृहिणी त्याच रस्त्यावर वाकलेली असते, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

वाऱ्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. १२ डिसेंबर २०१६ रोजी वरदा चक्रीवादळ चेन्नईजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून अधिक होता आणि शहरातील हजारो वृक्ष उन्मळून पडले. सबंध पत्र्याने मढवलेली रुंद झडप म्हणजे वाऱ्याला मिळालेले शीडच. त्याचा सारा जोर यंत्राच्या लहानशा बाहूवर येतो. झडपांचेच फाटक घ्यायचे असेल तर ते गजांचे घ्यावे, वारा आरपार जाऊ द्यावा. सरकत्या फाटकाला हे भय पुष्कळ कमी, कारण ते रुळावर आणि भिंतीच्या आधाराने उभे असते.

एवढे वाचल्यावर सरकते फाटक सर्वगुणसंपन्न वाटेल. पण त्याचे एक मर्मस्थान आहे. त्याचे यंत्र जमिनीवर, काँक्रीटच्या छोट्या ओट्यावर बसते. त्याचे दातेरी चाक फाटकाला लावलेल्या दातेरी पट्टीत अडकते. विद्युतमंडलाची पाटीही बहुधा त्याच पेटीत. आणि चेन्नईत पाणी येते ते जमिनीवरूनच. डिसेंबर २०१५ मध्ये अड्यार नदी पात्र सोडून वस्तीत शिरली. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पावसाने वेळच्चेरी, पळ्ळिकरणै या सखल भागांत पुन्हा तेच घडले. हा अनुभव लोकांच्या अंगी इतका मुरला आहे की ऑक्टोबर २०२४ मध्ये मुसळधार पावसाचा इशारा येताच वेळच्चेरीच्या उड्डाणपुलावर मोटारींची रांग लागली. मोटार वाचवायची तर ती आधी फाटकाबाहेर निघाली पाहिजे. ज्या रात्री ती काढायची असते, नेमक्या त्याच रात्री वीज जाते किंवा धोका टाळण्यासाठी ती बंद केली जाते. चेन्नईच्या सखल भागात यंत्राची खरी परीक्षा होते ती याच घटकेला. विक्रेत्याच्या दुकानातली नव्हे.

म्हणून येथे तीन गोष्टी आग्रहाने मागाव्यात. ओटा उंच असावा, मागच्या पुराची खूण भिंतीवर असेल तर तिच्याहून उंच. मात्र दातेरी पट्टीही तितकीच वर बसवावी लागते, म्हणून हे फाटक घडवण्याआधीच लोहाराला सांगावे. दुसरे, यंत्र २४ व्होल्टचे आणि स्वतःच्या बॅटऱ्या असलेले असावे. घरच्या २३० व्होल्टवर थेट चालणारे यंत्र जड फाटकाला बळकट खरे, पण वीज गेली की ते निव्वळ अडसर होते. लहान इन्व्हर्टरला त्याचा सुरुवातीचा धक्का पेलेलच असे नाही. बॅटऱ्यांचे आयुष्य चेन्नईच्या उन्हात घटते, तेव्हा पावसाळ्यापूर्वी त्या तपासाव्यात. आणि तेथला मोठा पाऊस जूनमध्ये नव्हे, ऑक्टोबर ते डिसेंबरात येतो, हे महाराष्ट्रातून गेलेल्याने विसरू नये. तिसरी गोष्ट, यंत्राच्या वीजजोडणीवर ३० मिलिअँपिअरची गळती ओळखून प्रवाह तोडणारा स्विच हवाच. पाण्यात बुडालेले यंत्र आणि लोखंडी फाटक यांची जोडी जीवघेणी ठरू शकते.

बॅटरीची सोय ही चैन नव्हे, हे अमेरिकेलाही उशिरा उमगले. कॅलिफोर्नियात २०१७ साली वणवे पेटले, वीज गेली, आणि काहींना गॅरेजचे दार उघडून बाहेर पडता आले नाही. त्यानंतर तेथे कायदा होऊन १ जुलै २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक घरगुती यंत्राला राखीव बॅटरी सक्तीची झाली.

तळमजल्याला शटर लावणाऱ्याची पुराच्या बाबतीत चिंता हलकी होते, कारण त्याचे यंत्र वर, गुंडाळीच्या दांड्यापाशी असते. त्यातही दांड्याच्या मध्यभागी बसणाऱ्या यंत्रापेक्षा कडेला बसणारे, हाताने ओढायची साखळी असलेले यंत्र घ्यावे. वीज नसली तरी साखळी ओढून शटर वर जाते. शटरचा शत्रू पाणी नव्हे, मीठ. बेझंट नगर, तिरुवान्मियूर, नीलांगरै येथे समुद्राचा वारा लोखंड पाहता पाहता खातो. तेथे जस्त चढवलेल्या वा अॅल्युमिनियमच्या पट्ट्या घ्याव्यात, आणि तेलपाणी वर्षाकाठी नव्हे, दर दोन-तीन महिन्यांनी करावे. सरकत्या फाटकाची दातेरी पट्टीही किनाऱ्यालगत नायलॉनची बरी, फाटक फार जड नसल्यास.

आता मुलांविषयी. २०१० च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये आठवड्याभराच्या अंतराने दोन लहान मुली विजेच्या फाटकांत सापडून दगावल्या. युरोपातील मानकानुसार फाटक बंद होताना अरुंद फटीत त्याचा क्षणिक दाबही ४०० न्यूटनांच्या, म्हणजे सुमारे चाळीस किलोंच्या वर जाता कामा नये, आणि तोही पाऊण सेकंदाच्या आत उतरला पाहिजे. अमेरिकेत १९९३ पासून बनलेल्या घरगुती यंत्रांना अडथळा ओळखण्याची स्वतंत्र सोय बंधनकारक आहे. दाराच्या दोन बाजूंना, जमिनीपासून फार तर सहा इंचांवर बसवलेला प्रकाशनेत्र ही तिची नेहमीची रीत. चेन्नईत हा नेत्र पुष्कळदा जादा सामान म्हणून वेगळ्या किमतीला दाखवला जातो, आणि घासाघीस करताना प्रथम तोच वगळला जातो. घासाघीस करायचीच असेल तर फाटकाच्या नक्षीवर करावी.

दूरनियंत्रकाची गोष्ट थोडक्यात. स्वस्त नियंत्रकांत बारा खटक्यांचा एकच ठरीव संकेत असतो. बारा खटक्यांच्या एकूण मांडण्या ४०९६. सॅमी कामकार या अमेरिकन संशोधकाने २०१५ साली एका जुन्या खेळण्यात फेरफार करून अशी दारे दहा सेकंदांच्या आत उघडून दाखवली. दर खेपेस संकेत बदलणारा नियंत्रक किंचित महाग पडतो, पण तोच घ्यावा. भ्रमणध्वनीवरून फाटक उघडण्याची सोय हौसेची आहे; पुरात जाळेही बंद पडते, तेव्हा तिच्यावर भिस्त ठेवू नये.

यंत्र बसवून झाल्यावर कारागिराला पैसे देण्याआधी वीज बंद करून घरातील सर्वांत अशक्त माणसाकडून फाटक उघडवून पाहावे. प्रत्येक यंत्राला ते सोडवण्याची एक किल्ली असते, आणि ती बहुधा हमीपत्रासह कपाटात जाते. तिची एक प्रत छोट्या दारापाशी, घरच्या सर्वांना ठाऊक असलेल्या जागी टांगलेली असावी. जेथे शटराखेरीज आत जाण्याचा दुसरा मार्गच नाही, तेथे बाहेरून सोडवता येईल असे कुलूप भिंतीत बसवून घ्यावे. ते मागाहून नव्हे, आधीच बसवून घेतलेले बरे.